खाऱ्या पाण्याची जिवाणी

राजकुंवर काकीजींशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि पाहायची हौसही नाही. धुळ्याच्या देवपुरात आमच्या दोघींच्या घरांमध्ये कंपाउंडची एकच भिंत. अलीकडे मी, चोपड्याची पाटलीण, जिच्या घरी मासा कढईत असतो. पलीकडे काकीजी, डाळीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या मारवाडी जैन, ज्यांच्या घरी कांदासुद्धा दाराबाहेर थांबतो. अशा घराच्या बैठकीत एक दिवस मासे आले, तेव्हा अख्ख्या कॉलनीत सगळ्यात जास्त मीच हसले. मासा यावा तर कोणाच्या घरी!

काकीजींचं माहेर जामनेरचं. सत्तरी उलटली आहे, उंची बेताची, आवाज मात्र आग्रा रोडवर ऐकू जाईल असा. लग्न होऊन त्या धुळ्यातल्या जुन्या गल्लीत आल्या, तेव्हा सासरी विहीर होती. पुढे नळ आला आणि घरातल्या पुरुषांनी विहीर बुजवायचं ठरवलं. मातीने भरलेला ट्रॅक्टर दारात उभा राहिला, तर ही बाई विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसली. समोर सासरे, डोक्यावरचा पदर जागच्या जागी, आणि तोंडात एकच वाक्य: "आधी मला बुजवा." ट्रॅक्टर माती घेऊन परत गेला. ते घर विकेपर्यंत विहीर शाबूत होती.

एवढं विहिरीसाठी का, ते कळायला जिवाणी म्हणजे काय ते कळलं पाहिजे. जैन लोक पाणी दुहेरी कापडातून गाळून पितात, हे तर सगळ्यांना माहीत असतं. पण गाळल्यावर कापडावर जे राहतं, ते डोळ्याला दिसो न दिसो, जीवच. ते कापड गाळलेल्या पाण्यात उलटं करून हलक्या हाताने खळबळायचं आणि ते पाणी जिथून आणलं तिथेच परत सोडायचं. ती जिवाणी. विहिरीचं विहिरीत, नदीचं नदीत. एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात टाकायचा नाही. वरून धपकन ओतायचंही नाही. दोर बांधलेली लोटी पाण्यापर्यंत उतरवायची आणि तिथे कलती करायची. काकीजींनी हे काम नव्या नवरीच्या वयात हातात घेतलं, ते सून आली तरी सोडलं नाही.

सून म्हणजे जिनल, पोरबंदरची. माहेरच्या गच्चीवरून समुद्र दिसायचा म्हणे. तिथून ही मुलगी धुळ्यात आली, जिथे नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो आणि उन्हाळ्यात पांझरेत पाण्यापेक्षा गोटे जास्त. तिने तक्रार केली नाही. काही वर्षं गुपचूप काढली, मग बैठकीत काचेची टाकी मांडली आणि तिच्यात समुद्र तयार केला. शुद्ध केलेलं पाणी, त्यात मोजून घातलेलं खास मीठ, खडक, पाणी ढवळणारे पंखे, वर निळसर दिवा. खडकांवर प्रवाळ लावले. मला आधी ते रंगीत दगड वाटले. जिनल म्हणाली, "मेघाताई, हे प्राणी आहेत. उजेडावर जगतात." मासे आणले तेही शाकाहारी. एक हळदीसारखा पिवळा, चिमट्याला लावलेलं समुद्री शेवाळ कुरतडणारा. एक तपकिरी, दिवसभर दगड चाटणारा. आणि लाल अंगावर पांढरा पट्टा असलेल्या दोन कोळंब्या, ज्या माशांचं अंग साफ करून देत. कोळंबी माझ्या ओळखीची, पण या कामात मी तिला कधी पाहिली नव्हती.

काकीजी वर्षभर त्या खोलीत बसल्या नाहीत. मुक्या जीवाला कोंडणं त्यांना पटलेलं नव्हतं, आणि ते त्यांनी सुनेला तोंडावर सांगितलं होतं. पण कॉलनीतल्या एका बाईने भिशीत काडी टाकली, "लोकांना प्यायला पाणी नाही आणि यांच्याकडे मासे पोहतात," तेव्हा काकीजी कडाडल्या, "माझ्या सुनेला मी बोलेन. तुम्ही कोण? ती टाकीत घालते त्याच्या दसपट पाणी तुम्ही गाडी धुवायला घालवता." त्या दिवसापासून त्या बैठकीत बसू लागल्या. लगेच नियमही आला. सूर्य मावळल्यावर या घरात कोणी खात नाही, मग माशांनीही खायचं नाही. जिनलने मुकाट्याने शेवाळाची वेळ बदलली. चौविहार पाळणारे मासे जगात दुसरीकडे असतील असं मला वाटत नाही.

पुढे पुढे काकीजी माळ घेऊन टाकीसमोरच बसायच्या. माळ हातात फिरायची, डोळे पिवळ्यामागे फिरायचे. पिवळा मोठा झाला होता. टाकीच्या या टोकाकडून निघाला की लगेच ते टोक यायचं, वळायचा, पुन्हा वळायचा. "बिचाऱ्याला चार पावलं चालायला जागा नाही," त्या म्हणायच्या. जिनलच्याही मनात मोठ्या टाकीचा विचार होता, पण घरात विषय काढायची तिची छाती होत नव्हती.

आणि मग कोळंब्या मेल्या.

आधी एक, मग दुसरी. मग काच साफ करणाऱ्या गोगलगाई खाली पडलेल्या सापडल्या. प्रवाळ मिटले, ते उघडेनात. जिनलने मीठ तपासलं, उष्णता तपासली, पंखे धुतले, पाणी बदललं. वीज गेली असताना हवा कमी पडली का म्हणून नवरा श्रेयांसला फैलावर घेतलं. तो बापडा दोन्ही बाजूंना मान डोलावणारा, त्याने स्वतःच कबूल करून टाकलं की चूक बहुतेक त्याचीच असेल. मासे ठीक होते, बाकीचं सगळं मरत होतं. शेवटी जिनलने कुरिअरने एक तपासणीची पेटी मागवली. मी तेव्हा तिथेच होते. काकीजी खाली बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. काचेच्या नळीतल्या पाण्याचा रंग बदलला आणि जिनल म्हणाली, "तांबं आहे पाण्यात. माशांना एवढ्याने काही होत नाही, पण कोळंबी आणि प्रवाळ यांना विष. कुठून येतंय तेच कळत नाही."

काकीजींचा हात थांबला. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या, आणि आपली तांब्याची लोटी आणून जिनलच्या पुढ्यात ठेवली.

"यातून," त्या म्हणाल्या.

देवपुरातल्या घरी विहीर नव्हती. इतकी वर्षं त्या जिवाणी अंगणातल्या हौदात सोडत आल्या होत्या. आदल्या वर्षी गाडी लावायला जागा हवी म्हणून तो हौद फोडला. नळाचं पाणी कुठल्या धरणातून येतं, तिथे रोज कोण जाणार? गटारात सोडायला मन होईना. घरात जिवंत, साठलेलं पाणी एकच होतं. मग रोज सकाळी, सामायिक म्हणजे पहाटेचं ध्यान झालं की, रात्रभर तांब्यात राहिलेल्या पाण्याने कापड धुऊन त्या लोटीभर जिवाणी टाकीच्या मागच्या फटीतून हलकेच आत सोडत होत्या. महिनोन्महिने. पाण्याचा जीव पाण्यात. कोणाला सांगायचं कारणच नव्हतं, पुण्याचं काम होतं.

"मी लोणचं घालते," काकीजी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "मिठाने जीव मरतो हे मला माहीत नाही? नळाच्या पाण्यातले जीव मी मिठात टाकले, ते मेले. तांब्याने तुझे मेले. वाचवायला निघाले आणि दोन्हीकडचे मारले."

जिनल उठली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टाकीवरचा दिवा बंद केला आणि म्हणाली, "जाऊ द्या मम्मीजी. मला आता काहीच नको. पिवळ्याला आणि त्या दुसऱ्याला कोणी सांभाळणारा मिळाला की देऊन टाकू." मला इतका राग आला! कोणाचा ते आजही सांगता येणार नाही. सासूचा येईना, सुनेचा येईना, मग मी घरी जाऊन भांडी आपटली.

काकीजींनी तीन उपवास धरले. त्यांच्यात त्याला अठ्ठम म्हणतात, पाण्याशिवाय काही नाही. पारणं केलं त्या सकाळी मी भिंतीवरून हाक मारली तर उत्तर नाही. आत जाऊन पाहते तर बैठकीतला सोफा भिंतीला लावलेला, आणि काकीजी जमिनीवर बसून रांगोळीने एक मोठा लांबट चौकोन काढताहेत.

"हे काय?"

"टाकी. नवी. एवढी पाहिजे. जिनलला हाक मार."

जिनल आली आणि रांगोळीकडे पाहतच राहिली. काकीजींनी वर न बघता सांगितलं, "जुन्या दगडांत तांबं मुरलं असेल ना? तूच म्हणालीस श्रेयांसला. म्हणजे त्या घरात वाचलेले पुन्हा मरणार. आणि पिवळ्याला ते घर तसंही पुरत नाही. आता हातपाय गाळून बसायचं नाही. लांबी बरोबर आहे का सांग, नाहीतर मी आणखी वाढवते."

"मम्मीजी, सोफा कुठे ठेवायचा?"

"माणसं खाली बसतील. बसून मेलं नाही कोणी."

त्यानंतर त्या घरात लग्नघरासारखी गडबड सुरू झाली. काकीजींना सगळं समजून घ्यायचं होतं. पाणी गाळणारी खालची टाकी कशाला, फेस काढणारं नळकांडं कशाला, दिवा किती उंच. तोपर्यंत जिनलने जुन्या टाकीचं पाणी पुन्हा पुन्हा बदलून, कोळसा लावून तांबं उतरवत आणलं, आणि दोन-तीन प्रवाळांनी पुन्हा तोंड उघडलं. ती अजून घाबरलेलीच होती. काकीजी नव्हत्या. लोखंडी स्टँड करायला साक्री रोडचे कौतिक आबा आले. पाइपाची जाडी ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"आक्का, हाई काय शे? इतला जाड पाइप? बैठकमा म्हैस बांधानी शे का?"

"समुद्र बसवायचा आहे, आबा. भरला की हजार किलोच्या वर जाईल."

"मंग बठ्ठं घरच खाले जाई!"

"घर माझ्या सासऱ्यांनी नाही, मी उभी राहून बांधून घेतलंय. तुम्ही स्टँडचं बघा."

आबांनी पाइप वाजवून पाहिला, जमीन ठोकून पाहिली, आणि जाताना म्हणाले, "हाऊ स्टँड मोडना ते मन्हं नाव बदली टाका." काकीजी म्हणाल्या, बदलेनच.

बातमी समाजात पोचायला वेळ लागला नाही. पर्युषण, जैनांचं व्रत-उपवासांचं पर्व, दोनेक महिन्यांवर आलं होतं आणि काकीजींचे चुलत दीर प्रेमराजजी घरी आले, बरोबर दोन वडीलधारे. प्रेमराजजी जीवदयेच्या कामात पुढे असतात. दर वर्षी बाजारातून जिवंत मासे सोडवून तलावात सोडतात. माणूस वाईट नाही, फक्त आपण चांगले आहोत हे त्यांना जरा जास्तच माहीत आहे. मी चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. शेजारीण असण्याचा तेवढा तरी उपयोग.

"भाभीजी," ते रांगोळीच्या रेघेवर उभं राहून म्हणाले, "एक टाकी सुनेच्या हट्टापायी झाली, समजलं. आता दुसरी, तीही एवढी? जैनाच्या बैठकीत? जीवाला बांधून ठेवणं हा दोष आहे, हे लहानपणी तुम्हीच आम्हाला शिकवलं."

"पाच दोष शिकवले होते," काकीजी म्हणाल्या. "बांधणं, मारणं, अंग तोडणं, झेपेना एवढा भार लादणं, आणि अन्नपाणी तोडणं. तुमच्या फक्त पहिलाच लक्षात राहिला."

एका वडीलधाऱ्याने खोकून घेतलं. प्रेमराजजींनी आवाज मऊ केला. "रागावू नका. पर्युषणाआधी दोन्ही मासे मला द्या. तलावात सोडू. अभयदान होईल, घरावरचा डाग जाईल."

तेव्हा मात्र काकीजी उठल्या. जिनल मागे उभी होती, तिचा हात धरून त्यांनी तिला पुढे ओढलं. "जिवाणी कोणाला शिकवता, प्रेमराजजी? एका पाण्याचा जीव दुसऱ्या पाण्यात टाकायचा नाही. हा खाऱ्या पाण्याचा. तोही टाकीतच जन्मलेला, याला समुद्रसुद्धा ठाऊक नाही. तुमच्या तलावात हा संध्याकाळ पाहणार नाही. तुम्ही हात जोडून घरी जाल आणि तो तळाला जाईल. याला अभयदान म्हणता?"

"तुम्हाला कसं कळणार मरेल की—"

"मला कळणार नाही तर कोणाला?" त्यांचा आवाज आता खरोखर आग्रा रोडवर गेला असेल. "मी मारलेत. या टाकीतले. या हाताने, रोज सकाळी, पुण्य समजून. गोड्या पाण्याचे खाऱ्यात टाकले, ते मेले, आणि लोटीच्या तांब्याने खाऱ्यातले मेले. ही पोर अजून मला एक शब्द बोलली नाही. तुमची चूक मी आधीच करून बसलेय, प्रेमराजजी. पुन्हा करू देणार नाही."

श्रेयांसने आयुष्यात पहिल्यांदा मान एकाच बाजूला डोलावली, आईच्या.

"कोंडलंय, हे खरं," काकीजी खालच्या आवाजात म्हणाल्या. "ते पाप मी नाकारत नाही. परत पाठवायला जागा नाही, म्हणून आहे ती जागा मोठी करणार. यात तुम्हाला डाग दिसत असेल तर दिसू दे."

प्रेमराजजींचा चेहरा लाल झाला. "ती टाकी या घरात आहे तोवर मी इथलं पाणी घेणार नाही."

"जशी मर्जी. पाणी गाळलेलं आहे."

ते गेले. जिनल रडायला लागली, तर काकीजींनी तिला दटावलं, "आता रडू नकोस, खारं पाणी मोजून घालायचंय." मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. मी चहा तसाच घेऊन घरी परतले.

मोठी टाकी आली. आठ माणसांनी ती आत आणली आणि नवं पाणी, नवे खडक घालून काही आठवडे ती रिकामीच चालवली. मग जिनल म्हणाली, आता. पिवळा जाळीतून नव्या घरात गेला, तपकिरी गेला, उरलेले प्रवाळ गेले. जुन्या टाकीत फक्त पाणी राहिलं, आणि जिनलने ते उपसायला पाइप हातात घेतला.

"थांब," काकीजी म्हणाल्या. त्यांच्या हातात पांढरं कोरं कापड होतं, दुहेरी घडी केलेलं. दुसऱ्या हातात लाल प्लास्टिकचा मग. प्लास्टिकच्या भांड्याला या बाईने जन्मात हात लावला नव्हता. लोटी त्या दिवसापासून माळ्यावर होती.

"मम्मीजी, यात आता काही राहिलं नसेल."

"गाळल्याशिवाय सांगू नकोस."

कापडाची दोन टोकं मी धरली, दोन जिनलने. काकीजी मगाने हळूहळू ओतत राहिल्या. टाकी संपत आली तेव्हा जिनलने मोबाइलचा दिवा लावला आणि कापडावर धरला. ओल्या पांढऱ्या कापडावर रव्याच्या कणापेक्षा बारीक ठिपके होते. एक ठिपका उडाला. मग दुसरा. जिनल ओरडली, "जिवंत आहेत! एवढ्यातून वाचले!"

काकीजी कापडावर इतक्या वाकल्या की पदर ओला झाला. नव्या नवरीच्या वयापासून आजपर्यंत त्यांनी जे जीव परत पोचवले, त्यातला एकही त्यांना कधी दिसला नव्हता. "असे असतात होय," त्या म्हणाल्या, आणि रडल्या. मोकळ्या रडल्या, आमच्यासमोर, डोळे न पुसता. मग कापड खाऱ्या पाण्यात उलटं खळबळून त्यांनी मग नव्या टाकीच्या पाण्याला टेकवला आणि हलकेच कलता केला. घाई अजिबात केली नाही.

संवत्सरी म्हणजे पर्युषणाचा शेवटचा दिवस, तिच्या दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांकडे क्षमा मागायला जातात. रीत आहे, त्यामुळे प्रेमराजजींनाही यावं लागलं. दारातच हात जोडून त्यांनी "मिच्छामि दुक्कडम" म्हटलं. सोफा नव्हता, सतरंजीवर बसले. समोर पिवळा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पोहत गेला, बराच वेळ गेला, तेव्हा कुठे वळला. प्रेमराजजी नजर दुसरीकडे न्यायचा प्रयत्न करत होते, पण त्या खोलीत दुसरं बघायला काही उरलेलंच नव्हतं.

काकीजींनी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम, प्रेमराजजी. त्या दिवशी तुमच्यावर आवाज चढवला, दोन पाहुण्यांसमोर. त्याची मनापासून क्षमा मागते."

"आणि टाकीची?"

"ज्यांची मागायची त्यांची काल मागितली," त्यांनी काचेकडे बोट केलं. "तुमची कशाला मागू?"

जिनल पाण्याचा पेला घेऊन आली. प्रेमराजजींनी पेल्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि नकारार्थी मान हलवली.

"बरं," काकीजी म्हणाल्या, आणि पेला जिनलच्या हातून घेऊन आपल्याजवळ झाकून ठेवला. "पुढच्या वर्षी परत विचारीन. टाकी इथेच आहे."